लव

अल-धैदमध्ये टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
काचेला आतून कागद चिकटवलेलं लेडीज सलून.
तिथे मी दिवसभर दोरा दातात धरते
आणि बायकांची लव उपटते.
भुवया, ओठावरची रेघ, हनुवटीचे दोन हट्टी केस.
चर्र, चर्र,
लांब कुठेतरी कापड फाटतंय असा आवाज.
दहा दिरहम. हनुवटीचे पाच वेगळे.

उम्म घानिम नातीबरोबर येते,
स्वतः काही करून घेत नाही, खजूर खात बसते.
मला कमला म्हणते. कमळजातला ळ
तिच्या जिभेला सापडत नाही,
मलाही तिच्या नावातला घशातला घ
अजून नीट खाकरता येत नाही. फिटंफाट.

यंदा जानेवारीत दोन रात्री पाऊस झाला.
ती म्हणाली, चल, कहल आली असेल.
नूफने लँडक्रूझर काढली,
उंटांच्या शर्यतीच्या मैदानामागे, जिथे कुंपण संपतं
आणि समरची झाडं सुरू होतात,
आपल्या बाभळीच्या चुलतबहिणी,
तिथे म्हातारी गुडघ्यांवर बसली.

मला आधी काहीच दिसलं नाही.
मग दिसलं. वीतभरसुद्धा नाही,
राखाडी, अंगभर पांढरी राठ कुसं,
विंचवाच्या नांगीसारखा आत वळलेला तुरा
आणि त्यावर पिवळी, इवली फुलं.
एक उमललं की नांगी थोडी उलगडते,
मग पुढचं.
मी बोट लावलं. टोचलं.
दोन दिवसांची दाढी, मी म्हणाले.
नूफ हसली,
आजीला मात्र तिने ते सांगितलं नाही.

संगमेश्वरला पाहायला आलेल्यांतल्या एका बाईने
माझा हात उजेडाकडे धरून म्हटलं होतं,
मुलीच्या अंगावर लव फार.
ते गेल्यावर मी कप विसळले
तेव्हा कोपरापर्यंत केसाकेसाला थेंब अडकलेले
मला पहिल्यांदाच दिसले.
महिन्याभरात रत्नागिरीला थ्रेडिंगचा क्लास लावला.
पहिला धडा स्वतःवर.

एवढे केस कशाला हिला? मी विचारलं.
ऊन अजून चढलं नव्हतं.
उम्म घानिमने बोटानेच दाखवलं:
कुसाच्या टोकाटोकाला
रात्रीच्या धुक्याचा एकेक कण.
नाहीतर पिणार काय, ती म्हणाली.

उन्हाळ्यात वर काही उरत नाही म्हणे.
मूळ राहतं. तीन उन्हाळे, चार उन्हाळे,
पाऊस आला की पुन्हा डोकं काढतं.
कॉफीच्या चमच्याने तिने बाजूची वाळू उकरली,
अर्धंच मूळ मोडून घेतलं,
उरलेल्यावर वाळू लोटली, तळव्याने थोपटली.
नखाने साल काढली तर आत लाल,
कोकमाच्या आगळासारखं लाल,
वरच्या पिवळ्याला पत्ताही नसावा असं.
त्यावर थुंकली आणि मला काही कळायच्या आत
माझ्या दोन्ही गालांवर घासलं.
आमच्या लग्नात हेच होतं, म्हणाली,
दुकानं कुठे होती?

रात्री क्लिन्झिंग मिल्क लावलं. मग साबण.
मग खोबरेल, त्याने तर अजूनच पसरलं.
सकाळी मालकीण विचारते, कुठला शेड गं?
सत्तावन्न नंबर, मी ठोकून दिलं.

पहिलं गिऱ्हाईक, तेरा-चौदाची पोर.
आईने आणलेली. सगळं काढ, आई म्हणते.
पोरीने हात ओढणीखाली लपवलेत.
मान मागे टाकली तिने, डोळे घट्ट,
आणि ट्यूबलाइटखाली तिच्या ओठावर
घामाचे कण, केसाकेसाला एक.

मी दोरा दातातून काढते.
माझ्या मोडक्या अरबीत त्या पोरीला विचारते,
तुला काढायचंत?
ती एक डोळा उघडून आधी माझे गाल बघते.
आई घड्याळाकडे.
दहा दिरहम काउंटरवर आधीच ठेवलेत.